तुमचं पुस्तक नको, त्यामागची संदर्भसूची हवी

ताई, नमस्कार.

मी पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असल्यापासून नागपूरच्या तलावांचा नाद आहे. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर, नाईक तलाव, लेंडी तलाव, सगळे काठाकाठानं फिरलो, जुने नकाशे मिळवले, म्हाताऱ्या माणसांशी बोललो. त्यातून पुस्तक झालं. प्रकाशक मिळाला नाही म्हणून पदरच्या पैशानं गांधीबागेत छापून घेतलं. आयएसबीएन क्रमांकही घेतला. पुतण्यानं संकेतस्थळ करून दिलं. त्यावर बरंच फुकट वाचता येतं आणि पुस्तक घरपोच मागवताही येतं.

एका रविवारी विकिपीडियावर खातं काढलं आणि तलावांच्या, नाग नदीच्या, नागपूरच्या, भोसल्यांच्या अशा दहाबारा लेखांत माझ्या संकेतस्थळाचा दुवा दिला. अंबाझरीच्या लेखात ‘१८७० मध्ये भोसल्यांच्या राजवटीत बांधला’ अशी ढळढळीत चूक होती. ती सुधारली आणि संदर्भ म्हणून माझं पुस्तक दिलं. सकाळी पाहतो तर सगळं साफ! चूकसुद्धा परत जागेवर! कारण काय, तर ‘प्रचारकी दुवे, स्वप्रकाशित स्रोत’. मी परत टाकलं, त्यांनी परत काढलं. शेवटी मलाच आठवडाभर ब्लॉक केलं. त्यानंतर एकाचा फोन आला: चाळीस हजारांत तुमच्या नावाचं ‘कायमचं पान’ करून देतो. पुतण्या म्हणतो, काका, दुसरं खातं काढू.

माझी माहिती खोटी असेल तर दाखवा. खरी असेल तर काढता काऊन? पुण्यामुंबईच्या प्रकाशकानं छापली असती तर चालली असती ना?

एक तलाववेडा, नंदनवन, नागपूर

*

काकाजी, नमस्कार.

चूक परत जागेवर आली हे वाचून मलाही हळहळ वाटली, कारण त्या वाक्याबाबत तुम्ही बरोबर आहात. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. १८७० साली इथे भोसल्यांची राजवट असणं शक्यच नाही. त्या वाक्यातलं साल तरी चुकलं आहे, नाहीतर राजवट. तरीही ते वाक्य पर्यटनाच्या संकेतस्थळांवर आणि ब्लॉगांवर जसंच्या तसं भेटतं. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उचललं, तिसऱ्यानं दोघांना पाहून ते खरं धरलं.

आता रागावू नका, पण हे वाक्य पसरलं कशानं? ज्याला जे वाटलं ते त्यानं आपल्या संकेतस्थळावर टाकलं, मधे कोणी विचारणारं नव्हतं, म्हणून. विकिपीडिया ज्याला स्वप्रकाशित स्रोत म्हणतो तो हाच. तुमचं संकेतस्थळ त्या ब्लॉगांपेक्षा कितीतरी बरं आहे, मी ते सावकाश वाचलं. पण तुमचे दुवे काढणाऱ्या माणसानं हा फरक कशावरून ओळखायचा होता? त्याच्यासमोर एक नवं खातं होतं, एकाच संध्याकाळी दहाबारा लेख, प्रत्येकात एकच दुवा, आणि दुवा उघडला की वर ‘पुस्तक घरपोच मागवा’ची पट्टी. औषधं विकणारे, क्लासवाले, प्लॉटवाले रोज याच पद्धतीनं येतात. त्यानं तुमचं पुस्तक वाचून ते नाकारलेलं नाही, ते वाचायची वेळच आली नाही. यात असूया नाही. सफाईचं काम करणाऱ्याचा झाडू आहे, तो सरसकट फिरतो. चांगली दुरुस्तीही त्यात गेली, हे मात्र वाईट झालं.

तुम्ही उपअभियंता होता, म्हणून तुमच्याच खात्यातलं सांगते. कंत्राटदारानं बांधावर किती घनमीटर भराव टाकला हे कंत्राटदाराच्या वहीवरून ठरत नाही. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, मोजमाप लिहितो, तुम्ही त्याचं टेस्ट चेक, म्हणजे फेरतपासणी, करता, मग बिल निघतं. कंत्राटदार प्रामाणिक असेल, त्याचा आकडा इंचाइंचानं बरोबर असेल, तरी त्याच्या सहीवर तुम्ही बिल पास केलं नसतं. आणि तो ‘माझा आकडा खोटा असेल तर दाखवा’ म्हणाला असता, तर तुम्ही त्याला काय उत्तर दिलं असतं ते तुम्हालाच ठाऊक.

विकिपीडियाचं म्हणणं एवढंच आहे. इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये निघाला आणि मराठी मे २००३ मध्ये. प्रत्येक भाषेतला विकिपीडिया आपले नियम आपण ठरवतो, पण मजकुराबाबतची तीन तत्त्वं सगळीकडे जवळपास सारखी आहेत: लिहिलेलं पडताळता आलं पाहिजे, स्वतःचं नवं संशोधन तिथे मांडायचं नाही, आणि बाजू घेऊन लिहायचं नाही. ही माणसं इतकी कागदावर का अडतात, याचं एक कारण आपण विसरतो. केतकरांच्या ज्ञानकोशाचं मंडळ आपल्या नागपुरातच स्थापन झालं. त्या ज्ञानकोशावर संपादकाचं नाव होतं, मजकूर चुकला तर लोक केतकरांना धरणार होते. मराठी विश्वकोशावर लक्ष्मणशास्त्री जोशींचं नाव होतं. विकिपीडियावर लिहिणारा कोण, शिकलेला किती, कुठे बसलेला, काही ठाऊक नसतं. लिहिणाऱ्याची हमी नाही म्हणून बाहेरच्या कागदाची हमी मागतात. तुम्ही तीस वर्षं खात्यात होता हे तिथे कोणालाच तपासता येत नाही आणि उद्या एखादा भामटा तेच म्हणाला तर तेही तपासता येणार नाही.

आयएसबीएनबद्दल थोडक्यात. तो पुस्तकाला ओळखण्याचा क्रमांक आहे. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो आणि देताना पुस्तकात काय लिहिलंय हे कोणी तपासत नाही. क्रमांक घेतलात ते चांगलं केलंत, ग्रंथालयांना सोपं जातं. पण वादात तो पुढे करू नका.

पुण्यामुंबईच्या प्रकाशकाचा तुमचा प्रश्न मात्र असा झटकून टाकण्यासारखा नाही. चालली असती का? हो, बहुधा चालली असती. नामांकित प्रकाशनाकडे संपादक असतो, तो हस्तलिखित परत पाठवतो, ‘हे कशावरून?’ असं समासात लिहितो. निदान लिहावं अशी अपेक्षा असते. ज्या भागात प्रकाशक कमी आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या बाहेरगावी ठरतात, त्या भागाला हा नियम जड जातो. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या विहिरीबद्दल कोणी कधी लिहिलंच नसेल, तर विकिपीडियावर ती विहीर नाही. मला हा अन्याय वाटतो आणि तो विकिपीडियाच्या चर्चांमध्येही वर्षानुवर्षं बोलला जातो. फक्त त्याचा उपाय ‘मग माझं पुस्तक घ्या’ हा नाही. विदर्भात विहिरींवर, तलावांवर लिहिलेलं आपण समजतो तितकं कमीही नाही. ते सापडत नाही, ही गोष्ट वेगळी.

नियमाला एक अपवादही आहे, तो तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. ज्याचं त्या विषयातलं काम आधी इतरांनी, स्वतंत्र आणि विश्वासार्ह ठिकाणी छापलेलं आहे, अशा जाणकाराचं स्वप्रकाशित लेखनही काही वेळा चालतं. आपल्या इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी आज ब्लॉग काढून वाकाटकांच्या ताम्रपटावर चार ओळी लिहिल्या असत्या, तर कोणी त्या उडवल्या नसत्या. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा खंड १९६३ मध्ये पुरातत्त्व खात्यानं छापलेला आहे. आधी तो खंड, मग ब्लॉग. तुमच्या बाबतीत अजून तो खंड नाही, फक्त ब्लॉग आहे. हे कठोर वाटेल, पण तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ लिहिते.

आता कामाचं. तुमच्या पुस्तकाच्या शेवटी तेरा पानांची संदर्भसूची आहे, तिचे फोटो तुम्ही पत्रासोबत पाठवलेत. माझ्या मते विकिपीडियाच्या दृष्टीनं तुमच्या सगळ्या मेहनतीतला सर्वांत मोलाचा भाग ती तेरा पानं आहेत आणि नेमका तोच तुम्ही तिथे नेला नाहीत. तुम्ही नेलंत वेष्टन.

त्या यादीत रिचर्ड जेंकिन्सचा १८२७ चा नागपूर राज्यावरचा अहवाल आहे. चार्ल्स ग्रँटनं संपादित केलेलं मध्य प्रांताचं १८७० चं गॅझेटिअर आहे. रसेलचं १९०८ चं नागपूर जिल्हा गॅझेटिअर आहे आणि महाराष्ट्र शासनाचं १९६६ चंही आहे. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचे तलावांच्या पाण्यावरचे शोधनिबंध आहेत. नागपूर विद्यापीठातले पीएचडीचे प्रबंध आहेत. ‘हितवाद’ या इंग्रजी वर्तमानपत्राची जुनी कात्रणं आहेत. ‘हितवाद’ १९११ पासून निघतोय, म्हणजे शतकभराच्या नागपूरची नोंद त्यात आहे. हे सगळे दुसऱ्यांनी तपासून छापलेले कागद आहेत. तुमचं पुस्तक यांच्याच खांद्यावर उभं आहे. मग लेखातल्या वाक्याला आधार म्हणून थेट तेच द्या: ग्रंथाचं नाव, संपादक, साल, पृष्ठ. तुमच्या पुस्तकाचं नाव मधे घेण्याची गरज उरत नाही आणि वाक्य काढायला कोणाकडे कारणही उरत नाही.

एक गैरसमज पुष्कळांना असतो, कदाचित तुम्हालाही असेल: संदर्भ इंटरनेटवरच असायला हवा, असा. तसं काही नाही. छापील पुस्तक, वर्तमानपत्राचा जुना अंक, ग्रंथालयात ठेवलेला अहवाल, सगळं चालतं. मात्र दुसऱ्या कोणाला तो कागद मागून पाहता आला पाहिजे. अंकाची तारीख आणि पान द्या. ‘माझ्या संग्रहातला नकाशा’ असं लिहिलंत तर तो तुमच्या कपाटातच आहे, तिथवर कोण येणार?

सगळे जुने कागद सारखे नसतात, हेही लक्षात ठेवा. जेंकिन्स इंग्रजांचा इथला रेसिडेंट होता. तो जे पाहत होता, जे त्याला सांगितलं जात होतं आणि जे कंपनीला कळवायचं होतं, ते त्यानं लिहिलं. असा अहवाल ‘जेंकिन्सनं असं नोंदवलं आहे’ एवढ्यापुरता वापरावा. त्यावरून आपण निष्कर्ष काढायचा नाही. निष्कर्षासाठी नंतरच्या अभ्यासकाचं लेखन शोधावं. आणि दोन कागद जोडून, त्या दोन्हींत नसलेलं तिसरंच विधान करणं, ही तर अभ्यासू माणसाची नेहमीची चूक. जेंकिन्सच्या यादीत एक तलाव आहे, १९०८ च्या गॅझेटिअरमध्ये नाही, म्हणून ‘मधल्या काळात तो बुजवला गेला’ असं तुम्ही एका ठिकाणी लिहिलंय. पुस्तकात जरूर लिहा, ते तुमचं संशोधन आहे. विकिपीडियावर तेच मूळ संशोधन ठरतं आणि निघतं.

अंबाझरीच्या वाक्याचं आता काय करायचं? ब्लॉक संपल्यावर लेखाला हात लावू नका. लेखाच्या चर्चा पानावर जा आणि साधारण असं लिहा:

‘या लेखात तलाव १८७० मध्ये भोसल्यांच्या राजवटीत बांधला असं म्हटलं आहे. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, त्यामुळे ही दोन विधानं एकत्र बसत नाहीत. सध्याच्या वाक्याला संदर्भही नाही. अमुक गॅझेटिअरच्या अमुक पृष्ठावर तलावाची अशी नोंद आहे. ती पाहून वाक्य बदलावं, अशी विनंती. मी या विषयावर स्वतः पुस्तक छापलं आहे आणि माझं संकेतस्थळ आहे. ते संदर्भ म्हणून मी सुचवत नाही.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. आपला हितसंबंध आपणच आधी सांगितला की समोरच्याचा सूर बदलतो, हे मी वारंवार पाहिलंय. उत्तर यायला दिवस लागतील. मराठी विकिपीडियावर नेमानं काम करणारे लोक थोडे आहेत, त्यांना नोकऱ्या आहेत, घरं आहेत. आठवडाभर कोणीच बोललं नाही तर चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, एक ओळ टाका. नाव छान आहे ना, चावडी? तिथे खरोखरच चार जाणती माणसं बसलेली असतात.

दुव्यांचा विषय. दुवा दिला की गूगलवर आपलं संकेतस्थळ वर येतं, असं पुतण्यानं सांगितलं असणार. तसं होत नाही. विकिपीडियावरच्या बाहेरच्या दुव्यांना ‘नोफॉलो’ अशी खूण आपोआप लागते, म्हणजे शोधयंत्रांना सांगितलं जातं की क्रमवारी लावताना हा दुवा धरू नका. इंग्रजी विकिपीडियानं ही खूण २००७ च्या जानेवारीत लावली, ती नेमकी अशा दुव्यांच्या पुरामुळेच. तेव्हा त्या दहाबारा दुव्यांतून मिळणार काहीच नव्हतं. जाणार मात्र बरंच होतं. एकच संकेतस्थळ पुन्हा पुन्हा टाकलं गेलं की ते काळ्या यादीत जाऊ शकतं. सगळ्या विकिपीडियांना लागू होणारी एक सामाईक यादीही आहे. त्या यादीत नाव गेलं की तो दुवा असलेलं संपादन कोणालाच जतन करता येत नाही. उद्या एखाद्या प्राध्यापकानं आपणहून तुमच्या नकाशांचा दुवा द्यायचा म्हटला, तरी संगणक नाही म्हणेल. तुमचं संकेतस्थळ अजून तिथवर गेलेलं नाही. आता थांबा.

दुवा कधीच देता येत नाही असंही नाही. तुमच्याकडे सोनेगाव तलावाचे मोजणीचे नकाशे आहेत, ते लेखात मावणारे नाहीत. ‘बाह्य दुवे’ या भागात नेमक्या त्या पानाचा एक दुवा उपयोगी ठरू शकतो. पण तो तुम्ही स्वतः टाकायचा नाही, चर्चा पानावर सुचवायचा आणि निर्णय दुसऱ्यावर सोडायचा. पानाच्या वरून विक्रीची पट्टी काढलीत तर त्याचा विचार तरी होईल.

आता एक नाजूक बाब. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडून शहरात पाणी घुसलं, त्यावर तुमच्या संकेतस्थळावर मोठं टिपण आहे. सांडव्याबद्दलचं तुमचं विश्लेषण मला पटण्यासारखं वाटलं, अर्थात मी अभियंता नाही. पण त्यात तुम्ही दोन माणसांची नावं घेऊन दोष दिलाय. हे टिपण विकिपीडियाच्या आसपासही नेऊ नका. हयात व्यक्तींबद्दल स्वप्रकाशित स्रोत वापरायला इंग्रजी विकिपीडियावर स्पष्ट मनाई आहे, वरचा जाणकारांचा अपवादसुद्धा तिथे लागू होत नाही. मराठीतही असा मजकूर कोणी ठेवणार नाही आणि ठेवू नये. पुराबद्दल लेखात लिहायचं तर वर्तमानपत्रांच्या बातम्या आहेत. त्या रात्री कुठे किती पाणी होतं, किती माणसं गेली, त्यानंतर काय ठरलं, हे बातम्यांच्या आधारानं लिहा. कारणं लिहायची तर ती कोणी, कुठल्या अहवालात सांगितली हे नाव घेऊन लिहा. तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही ती दोन नावं ठेवण्याआधी एखाद्या वकिलाला विचारा, हा विकिपीडियाबाहेरचा सल्ला.

तुमचं स्वतःचं काम जसंच्या तसं हवं आहे, अशी एक जागा मात्र आहे. विकिमीडिया कॉमन्स, जिथे विकिपीडियातली चित्रं ठेवलेली असतात. नोकरीच्या काळात, पण खात्याच्या कामाबाहेर, हौसेनं तुम्ही तलावांचे जे फोटो काढले, त्यांचा हक्क तुमचाच आहे. नाईक तलावाचा काठावर घरं वाढण्याआधीचा फोटो आज कुठून मिळणार? तो तुम्ही स्वतः काढलेला आहे, हाच तिथे पुरावा मानला जातो. चढवताना तारीख, जागा आणि कुठल्या दिशेनं घेतला हे लिहा. फोटोवर संकेतस्थळाचं नाव उमटवू नका. तुमचं नाव चित्राच्या पानावर छायाचित्रकार म्हणून राहतं आणि दुसरीकडे वापरणाऱ्यानंही ते द्यायचं असतं, परवान्याची अट आहे. एक मात्र ठरवून करा: हा परवाना दिला की कोणीही, अगदी व्यापारासाठीही, तो फोटो वापरू शकतो. परत घेता येत नाही. जे फोटो पुढच्या आवृत्तीसाठी राखायचे असतील ते देऊ नका. खात्याच्या फायलींतले फोटो तुमचे नाहीत, तेही नकोत.

याच कारणानं पुस्तकातला मजकूर उचलून लेखात चिकटवू नका. तो तुमचाच आहे, पण हे तिथे कोणाला माहीत नाही. कॉपीराइटचा भंग समजून तो निघेल. नव्यानं, आपल्या शब्दांत, चार कोरड्या वाक्यांत लिहा. ‘निसर्गरम्य’, ‘ऐतिहासिक वारसा लाभलेला’ वगैरे शब्द गाळा. पाटबंधाऱ्याच्या अहवालाची तुमची भाषा याला अगदी योग्य आहे.

म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखतींचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मनात तेच सर्वांत जास्त राहिलं. सक्करदऱ्याच्या काठी पोहायला शिकलेल्या आजोबांची आठवण, नाईक तलावाच्या कोष्टी वस्तीतल्या आजींनी सांगितलेलं सूत धुण्याचं वर्णन. हे थेट विकिपीडियावर बसणार नाही, कितीही ओढाताण केली तरी. पण ते तिथे नेण्याची रीतसर वाट आहे. विदर्भ संशोधन मंडळाचं वार्षिक आहे. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून आहे, त्याचं ‘युगवाणी’ आहे. एकेका तलावावर एकेक लेख लिहा आणि संपादकाकडे पाठवा. तो प्रश्न विचारेल, काही भाग कापायला सांगेल, कदाचित परतही करेल. छापून आला की तो लेख दुसऱ्यानं तपासलेला स्रोत झाला. त्याचा आधार घेऊन पुढे विकिपीडियावर कोणी लिहिलं तर अडचण नाही. ते कोणी म्हणजे तुमचा पुतण्या नव्हे, हे सांगून ठेवते. पुस्तकाच्या दहा प्रती अभ्यासकांना आणि परीक्षणासाठी वर्तमानपत्रांना द्या. विद्यापीठाच्या आणि राजाराम सीताराम दीक्षित वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयांच्या कपाटांत ठेवा. १९५४ च्या कायद्यानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवणं प्रकाशकावर बंधनकारक आहे. स्वतः छापलंत म्हणजे प्रकाशक तुम्हीच. बहुतेक लेखक-प्रकाशक हे करत नाहीत.

चाळीस हजारवाला फोन. देऊ नका, एक रुपयाही. त्याला तुमची खबर कशी लागली याचं तुम्हाला नवल वाटलं असेल, पण विकिपीडियावरचं प्रत्येक संपादन आणि ते कोणी, का उलटवलं हे ‘इतिहास’ टिचकवलं की कोणालाही दिसतं. तुमच्या संकेतस्थळावर तुमचा फोन नंबर आहे. एवढं पुरतं. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियानं अशी एक टोळी उघडकीला आणली होती: ३८१ खाती ब्लॉक झाली, दोनशेहून जास्त लेख काढले गेले. त्यांची एक पद्धत अशीच होती. ज्यांचा मजकूर नाकारला गेला आहे त्यांना गाठायचं, पैसे घेऊन लेख घालायचा, आणि पुढे तो राखण्यासाठी पुन्हा पैसे मागायचे. ‘कायमचं पान’ असं काही तिथे नसतंच, पान ठेवायचं की नाही हे पैसे घेणाऱ्याच्या हातात नाही. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं कोणाकडून घेतले हे जाहीर करायचं, असं २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापराच्या अटींतच आहे. त्याला फोनवर एवढंच विचारा: ‘तुम्ही हे तुमच्या सदस्य पानावर जाहीर करणार ना?’ पुन्हा फोन येणार नाही.

दुसरं खातं नको. ब्लॉक असताना दुसऱ्या नावानं येणं हा तिथला मोठा गुन्हा आहे. ठरावीक अधिकार असलेल्या सदस्यांना दोन खाती एकाच ठिकाणाहून चालतात का हे तांत्रिक खुणांवरून पाहता येतं. एका घरातून, एकाच वायफायवरून, त्याच तलावांवर, त्याच दुव्यासह आलेलं खातं ओळखायला तर तेवढंही लागत नाही. आज तुमचा ब्लॉक आठवड्याचा आहे, मग तो कायमचा होईल आणि संकेतस्थळ काळ्या यादीत जाईल. काढलं की परत टाकायचं, परत काढलं की परत, हेही बंद. इंग्रजीत चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा असं केलं की बाजू बरोबर असली तरी ब्लॉक होऊ शकतो.

या आठवड्यात दोन कामं करा. आपल्या सदस्य चर्चा पानावर, ब्लॉक असतानाही बहुधा तिथे लिहिता येतं, प्रचालकाला, म्हणजे ब्लॉक करण्याचा अधिकार असलेल्या सदस्याला, एवढं कळवा की दुवे परत टाकणार नाही आणि यापुढे चर्चा पानावरून सुचवीन. सबबी नको, तक्रार नको. दुसरं म्हणजे ती तेरा पानं पुढे घेऊन बसा आणि प्रत्येक तलावापुढे लिहा की कुठल्या ग्रंथाच्या कुठल्या पृष्ठावर त्याची नोंद आहे. तुमच्या यादीत ग्रंथांची नावं आहेत, पृष्ठं बऱ्याच ठिकाणी नाहीत. पृष्ठ नसेल तर ग्रंथ पुन्हा उघडावा लागेल. गॅझेटिअरं राज्याच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर वाचता येतात, बाकीच्यासाठी विद्यापीठाचं ग्रंथालय गाठा. सुरुवात लेंडी तलावापासून करा, त्याच्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिलेलं आहे.